उसना गळ

“आबा, मी लातूरहून मॅडम बोलते. पंप बंद करा. आत्ताच्या आत्ता.”

पलीकडे मळणीयंत्राची घरघर चालू होती. म्हाताऱ्याला ऐकूच गेलं नसावं असं देविकाला वाटलं. ती पुन्हा तेच सांगणार, तेवढ्यात दगडोबांचा आवाज आला.

“आलं ध्यानात. पंप बंद. किती टाइम ठिवायचा?”

“मी सांगेपर्यंत. आणि लगेच...”

फोन तुटला. तिने परत लावून पाहिला, लागला नाही. पण महत्त्वाचं ते सांगून झालं होतं. ती टेबलाच्या कडेला टेकली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की सकाळपासूनचा चहा तसाच साय धरून पडलाय.

लातूरच्या एका ट्रस्टचं हे थॅलेसेमिया केंद्र. ज्या मुलांच्या अंगात रक्तच नीट तयार होत नाही, ती इथे तीन-चार आठवड्यांनी येतात, पलंगावर पडून दुसऱ्याचं रक्त घेतात आणि संध्याकाळी एसटीने घरी जातात. देविका इथली समुपदेशक होती. पाटी तशी होती. काम मात्र आयांना शिकवण्याचं. कारण दर पिशवीबरोबर अंगात लोखंड येतं आणि शरीराला ते बाहेर टाकायची वाट ठाऊक नसते. ते यकृतात साठतं, मग हृदयात. ते धरून बाहेर काढणारं औषध द्यावं लागतं. बहुतेक मुलांना गोळ्या चालतात. रेणापूरच्या पलीकडच्या एका गावातल्या शिवांगीला त्या सोसल्या नाहीत. तिच्यासाठी पंप होता. तळहाताएवढं, सेलवर चालणारं यंत्र. ते कमरेला बांधायचं, बारीक सुई पोटाच्या कातडीखाली घालायची, आणि औषध रात्रभर थेंबाथेंबाने आत जात राहायचं. सकाळी लघवी विटकरी झाली, की लोखंड निघालं.

शिवांगीची आई उज्वला या कामात केंद्रातल्या सगळ्या आयांत तरबेज होती. इतर बायका सुई लावताना तोंड फिरवत. उज्वला पोरीशी गप्पा मारत लावायची. देविका नव्या आयांना तिच्याकडे बघायला सांगायची.

आज सकाळी नातवाला रक्त चढवायला घेऊन आलेल्या गुणाबाई बोलता बोलता म्हणाल्या, की शेजारच्या गावची ती मशीनवाली पोर दिसली नाही शाळेच्या रस्त्याला. पोट लई दुखून राहिलं म्हणे, ताप बी हाय. रेणापूरच्या डॉक्टरने अपेंडिक्स असंल म्हणून उद्या फोटो काढायला सांगितलंय. गुणाबाईंनी हे सांगितलं आणि त्या पिशवीतला डबा काढायला वळल्या. देविका तशीच डॉ. राजशेखर यांच्याकडे गेली होती. त्यांनी हातातला कागद खाली ठेवला आणि दोनच गोष्टी सांगितल्या. पंप अजून लावलेला असला तर लगेच बंद, आणि मुलगी आज इथे.

नोंदवलेला नंबर शिवांगीचे वडील हरिओम यांचा होता. ते सोयाबीन घेऊन औशाच्या बाजारात होते; घरी उज्वलाकडे वेगळा फोन नव्हता. ते पहाटेच निघाले होते; काल डॉक्टरला दाखवल्यावर पोरगी झोपली होती, त्यांच्या मते आता बरी होती. त्यांनी शेतावर असणाऱ्या आपल्या वडिलांचा, दगडोबा आबांचा नंबर दिला. आणि आबा “आलं ध्यानात” म्हणाले होते.

ती आतल्या खोलीत गेली. एका मुलाला रक्त चढताना थंडी वाजून आली होती आणि डॉक्टर त्याच्या पलंगाशी उभे होते. बंद केला, असं तिने सांगितलं. त्यांनी मान हलवली. ते म्हणाले, आपल्याला वाटतंय तेच असलं तर उद्यापर्यंत थांबता यायचं नाही.

आपल्याला वाटतंय ते काय, हे दोघांनाही माहीत होतं. देविकाला तर फार आधीपासून.

नांदेडला ती एम.एस्सी. करत होती तेव्हाची गोष्ट. प्रबंधासाठी तिने देगलूरला मामांच्या शेतातली, हरभऱ्याच्या मुळांभोवतीची काळी माती आणली होती. मातीत लोखंड भरपूर. पण गंजून बसलेलं, कुणाच्याच कामाचं नसलेलं. त्यातले काही जीवाणू एक पदार्थ तयार करून बाहेर सोडतात. तो लोखंडाला जाऊन मिठी मारतो आणि जीवाणू ते दोन्ही मिळून आत ओढून घेतो. हे डोळ्यांनी पाहता येतं. निळ्या रंगाच्या जेलीवर जीवाणू वाढवायचे. रंग लोखंडाला धरून असतो तोवर निळा. जीवाणूने लोखंड ओढून नेलं, की त्याच्याभोवती नारिंगी कडं उमटतं. ती कडी पाहायला देविका प्रयोगशाळा उघडायच्या आधी दारात उभी असायची. मग लग्न झालं, लातूर आलं, आणि पीएच.डी.चं पुढे बघू असं ठरलं. केंद्रात लागल्यावर पहिल्याच आठवड्यात तिला कळलं, की पंपातलं औषध म्हणजे तोच पदार्थ. मातीतल्याच एका जीवाणूकडून घेतलेला. सासरी अचानक माहेरचं माणूस भेटावं तसं तिला झालं होतं.

पण त्याची दुसरी बाजूही होती. आपलं शरीर रोगजंतूंपासून लोखंड लपवून ठेवतं. ते मिळालं नाही की जंतू उपाशी राहतात. यर्सिनिया नावाचा एक आतड्यातला जंतू आहे. त्याच्या काही जातींना स्वतःचा पदार्थ नीट करता येत नाही, पण दुसऱ्याने केलेला चालतो. असा जंतू शिरलेल्या पोटात पंपाचं औषध पोहोचलं, तर त्याला वाढलेलं ताट मिळाल्यासारखं होतं. म्हणून पोट दुखून ताप आला की औषध थांबवायचं. आयांना शिकवताना हे वाक्य शेवटी यायचं, ‘ताप आला तर आधी फोन करा’ एवढंच. तोपर्यंत बायका एसटीसाठी पिशव्या आवरायला लागलेल्या असायच्या. आधीचं सगळं शिकवणं एकाच शब्दाभोवती होतं. खाडा. मजुरीवर जाणाऱ्या बाईला खाडा काय ते सांगावं लागत नाही. एका रात्रीचाही खाडा पडू द्यायचा नाही, देविका बजावून सांगायची. लग्न असो, सण असो, घरातलं कुणीही काहीही म्हणो.

आबांचा फोन पुन्हा लागला तेव्हा मळणीयंत्र थांबलेलं होतं. आवाज स्वच्छ येत होता.

“केला का बंद, आबा?”

“केला की. सोता गेलो. गुडघे धरले माझे, पर गेलो.”

सुई नीट निघाली ना, रक्त नाही ना आलं, असं तिने विचारलं.

“कसली सुई?” दगडोबा म्हणाले. “हिरीवर जाऊन स्टार्टरचं बटन दाबलं. हरबऱ्याच्या रानाला पानी सोडलं व्हतं, अर्धं रान कोरडं ऱ्हायलं. आता लाइनमन कवा येनार तेवढं सांगा.”

तिने फोन दुसऱ्या कानाला धरला.

“आबा, मी कोण बोलतेय?”

“लाइटीच्या हापिसातल्या मॅडम न्हाई का?”

“मी शिवांगीच्या दवाखान्यातली. तिचा पंप म्हणतेय मी. पोटाला लावतात तो.”

“त्येला मशीन म्हनत्यात, बाई. सकाळधरनं लावून ठिवलंय सुनंनं,” दगडोबा जरा रागानेच म्हणाले, आणि मग त्यांचा आवाज उतरला. “आनखी काय झालं पोरीला?”

तिने सांगितलं. घरी जा, उज्वलाला सुई काढायला सांगा, मी गाडी घेऊन निघते. दगडोबा घरी जायला तयार होते. पण सून आपलं ऐकायची नाही, मशीनच्या बाबतीत तर नाहीच, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. पोरीला रोज कशाला टोचता, म्हणून दोन वर्षं ते घरात भांडत आले होते. उज्वलाने त्यांना एकदाही जुमानलं नव्हतं. तसं करायला तिला देविकानेच शिकवलं होतं.

ट्रस्टची जुनी व्हॅन होती आणि दयानंद चालवायला होता. थंडी वाजणाऱ्या मुलाला सोडून डॉक्टरांना हलता येत नव्हतं. त्यांनी मोठ्या दवाखान्यात खाट सांगून ठेवतो म्हटलं आणि देविकाला जायला सांगितलं.

रेणापूरपर्यंत रस्ता बरा होता. पुढे गावाच्या फाट्याला वळल्यावर सगळीकडे अर्धा रस्ता सोयाबीनने भरलेला. वाळायला पसरलेलं, कडेला दगड मांडलेले. समोरून मळणीयंत्र घेऊन ट्रॅक्टर आला की व्हॅन मागे घ्यायची, तो गेला की पुढे. देविका म्हणाली, घाला त्यावरून. दयानंद म्हणाला, “मॅडम, ह्याच्यावरून चाक घातलं तर गाव आपल्याला फुडं जाऊ द्यायचं न्हाई. मंग बसा.” त्याचं खरं होतं. ती खिडकीची कड घट्ट धरून बसली. औषध ढकलणारा पंपाचा दांडा किती हळू सरकतो हे तिला माहीत होतं. बघत बसलं तर तो हलताना दिसतही नाही. इतकी वर्षं आयांना ती हेच कौतुकाने सांगत आली होती.

दगडोबा ओट्यावर बसलेले होते. एक चप्पल पायात, एक हातात. धाप लागलेली.

“सांगितलं,” ते म्हणाले. “ऐकंना.”

आत शिवांगी गोधडीवर कुशीवर पडली होती, गुडघे पोटाशी घेतलेले. अकरा वर्षांची, पण अंगाने आठ-नऊची वाटणारी पोर. डोळे उघडे, ओठ सुकलेले. कमरेला पंप होता आणि त्याची हिरवी बत्ती उघडमीट करत होती. देविकाने कपाळाला हात लावला आणि काढून घेतला.

उज्वला केसांत सोयाबीनचं भूस घेऊन तशीच उशाशी बसली होती. देविकाला बघून ती उठली, पदर सारखा केला. तिच्या चेहऱ्यावर आधी आनंदच दिसला. आता कुणीतरी आपल्या बाजूने बोलेल असा.

“बघा की मॅडम. दसऱ्याला माहेरी गेले तवा दोन रोज खाडा पडला व्हता. बाटल्या शिल्लक व्हत्या. पोरगी तापानं घरीच हाय तर म्हनलं भरून काढावा. सकाळपासून लावून ठिवलंय. आन हे मामंजी म्हनतेत, काढ.”

“मीच सांगितलं त्यांना. काढायचंय.”

उज्वलाचा चेहरा बदलला नाही. तिला ते पोहोचलंच नव्हतं.

“तुमीच म्हनल्या व्हत्या, कुनी सांगितलं तरी काढायचं न्हाई. देव आला तरी.”

“म्हटलं होतं.”

“मंग?”

देविकाने पुढे होऊन सुईकडे हात नेला. उज्वलाने तो मनगटाशी धरला. जोराने नाही, पण सोडलाही नाही. तिच्या पोरीच्या हृदयात लोखंड साठतंय, हे तिला याच बाईने यकृताचं चित्र काढून, हृदयाचं चित्र काढून सांगितलं होतं. एका खाड्याने किती साठतं तेही. आता तीच बाई दारातून येऊन म्हणते काढ. कुणाचं खरं धरायचं? दारात दोन शेजारणी येऊन उभ्या राहिल्या होत्या. शिवांगी कण्हली आणि पाय आणखी वर घेतले.

देविकाने हात तसाच राहू दिला. हुकूम करून चालणार नव्हतं. हिला हुकूम मोडायला आपणच शिकवलंय. ती खाली बसली.

“उज्वला, तुमच्या गावात विहिरीत बादली पडली तर काय करता?”

उज्वला तिच्याकडे बघतच राहिली. बाहेरून दगडोबा म्हणाले, “गळ टाकतेत.”

“सगळ्यांकडे असतो गळ?”

“न्हाई,” उज्वला म्हणाली. “एकाच्या घरी ऱ्हातो. ज्याला लागंल त्यो मागून नेतो.”

“हे औषध म्हणजे गळ आहे. आपण तो अंगात सोडतो, तो लोखंड धरतो आणि वर घेऊन येतो. तो माणसाने नाही केलेला. मातीत एक जंतू असतो, त्याचा आहे तो. आपण मागून आणलाय.” ती थांबली. शिवांगीच्या डोळ्यांकडे न बघता बोलणं सोपं होतं. “आता हिच्या पोटात दुसरा एक जंतू शिरला असावा. त्याला लोखंड पाहिजे, त्याशिवाय तो वाढत नाही. पण त्याच्याकडे स्वतःचा गळ नाही. तो दुसऱ्याचा घेतो.”

दारातल्या एकीने तोंडाला पदर लावला. पंपाची बत्ती उघडमीट करत होती.

“आन म्या सकाळपासून गळ सोडून बसले,” उज्वला म्हणाली.

देविकाच्या तोंडाशी बरंच काही आलं. तुझी चूक नाही. तुला कसं कळणार. ते सगळं खरंही होतं, पण या घटकेला त्याचा काही उपयोग नव्हता. ती म्हणाली, “काढूया.”

“तुमी सरा. म्या लावली, म्याच काढते.”

तिने मनगट सोडलं. पंपाचं बटण बंद केलं, चिकटपट्टी एका कडेने सोडवत आणली, बोटाने कातडी ताणून धरली आणि सुई काढली. हात जराही हलला नाही. शिवांगीला कळलंसुद्धा नाही. मग उज्वलाने पोरीला गोधडीसकट उचललं आणि व्हॅनकडे चालू लागली. सोयाबीनचं अर्धं खळं उघडं पडलं होतं. तिने शेजारणीला मानेनेच खूण केली.

येताना दयानंदने हॉर्नवरचा हात काढला नाही. गोधडीत पोरगी पाहून रस्त्यावरच्या बायांनी आपणहून लाकडी फाळक्यांनी सोयाबीन बाजूला ओढलं.

दवाखान्यात दोन दिवस वाईट गेले. सर्जन म्हणत होते पोट उघडून बघू. राजशेखर म्हणत होते थांबा. तपासणीत अपेंडिक्स ठीक दिसतंय, सुजल्या आहेत त्या भोवतीच्या गाठी. त्यात भूल, रक्तस्राव आणि असं थकलेलं हृदय, धोका मोठा. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते आणि दोघांनाही खात्री नव्हती. औषधं सुरू झाली होती. एकदा शिवांगीचा रक्तदाब खाली गेला आणि पडदा ओढून घेतला गेला. तेव्हा पडद्याच्या अलीकडे उज्वला, हरिओम आणि दगडोबा एका बाकावर बसून होते. हरिओम अजून बाजारातल्याच कपड्यांत होते. कुणी कुणाला दोष दिला नाही. दगडोबांनी फक्त एकदा, कुणाला उद्देशून नाही असं, विचारलं, म्या नीट ऐकलं असतं तर किती आधी निघाली असती सुई? देविका तिथेच उभी होती. आपणच नीट बोललो नाही, असं ती म्हणाली. दगडोबांनी मान हलवली. ते त्यांना पटलं की नाही, कळलं नाही.

प्रयोगशाळेला राजशेखरांनी शिवांगीचा नमुना घातलेली एक ताटली उबेत न ठेवता बाहेरच्या गार हवेत ठेवायला सांगितली होती. या जंतूला गारवा चालतो. ती पाहायला देविका गेली. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उठले होते; जंतू तोच होता. तिने ताटली उजेडाकडे धरली. नांदेडला अशी ताटली हातात आली, की दिवस सार्थकी लागायचा. तिने ती तंत्रज्ञाच्या हातात परत दिली आणि हात दोनदा धुतले.

त्याच संध्याकाळी शिवांगीचा ताप उतरायला लागला. नर्सने पडदा सरकवला तेव्हा ती बिस्किटं मागत होती, आणि ती क्रीमचीच पाहिजे होती.

त्यानंतर देविकाने शिकवायची पद्धत बदलली. ताप आला तर काय, हे पहिल्यांदा. आणि त्याच्याही आधी ती प्रत्येक घराला विचारायची, तुम्ही याला काय म्हणता? एका घरात मशीन होतं, एका घरात डबा. देगलूरकडच्या एका कुटुंबात त्याला घड्याळ म्हणत होते. एका आईने लाजत सांगितलं, आमच्यात जावईबापू म्हणतेत, रात्री मुक्कामाला येतो म्हणून. देविका ते फाइलवर लाल शाईने लिहून ठेवी.

थंडी पडल्यावर शिवांगीच्या तपासण्या झाल्या. जंतू गेला होता, लोखंड मात्र वाढलं होतं. पंप पुन्हा सुरू करायचा आणि पहिली सुई केंद्रातच, सगळ्यांसमोर लावायची असं डॉक्टरांनी ठरवलं.

देविकाने औषध भरून, यंत्र जोडून, सगळं स्वच्छ कापडावर मांडलं. शिवांगी पलंगावर चढून बसली, तिने स्वतःच फ्रॉक वर घेतला आणि वाट बघू लागली. नव्याने आलेल्या दोन आया मुद्दाम बघायला थांबल्या होत्या.

उज्वलाने सुई उचलली. बोटांनी कातडी धरली. मग सुई परत कापडावर ठेवली.

“तुमी लावा, मॅडम.”

देविकाने सुई घेतली. रोज दहा जणींना शिकवायचं काम, पण तिच्या बोटांना आज सुई भारी वाटली. तीही थांबली. दोघी एकमेकींकडे बघेनात.

“कुनीतरी लावा की,” शिवांगी म्हणाली. “थंडी वाजून राहिली मला.”

नव्या आयांपैकी एक हसली. उज्वला हसली नाही. तिने हाताचा पालथा पंजा पोरीच्या कपाळावर ठेवला. मग गळ्याशी. मग पोटावर, उजव्या बाजूला, जरा दाबून, दुखतंय का असं डोळ्यांनीच विचारत. पोरीने नाही म्हणून मान हलवली. तरी तिने हात उचलला नाही. बराच वेळ तो तिथेच होता. मग तिने दुसरा हात, वर न बघता, सुईसाठी पुढे केला.